टाकीचे अर्धे काम

संडासात बादलीभर पाणी ओतले की मैला नजरेआड होतो. नजरेआड झालेली ही वस्तू कोठे गेली आणि तिचे पुढे काय झाले, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारीत नाही. मोठ्या शहरातला मुलगा म्हणेल, "गेली भुयारी गटारात." हे उत्तर काही घरांपुरते खरे आहे. पण २०११ च्या जनगणनेत असे दिसून आले की, आपल्या देशाच्या नागरी भागातील दर १०० घरांपैकी सुमारे ३३ घरे भुयारी गटाराला जोडलेली होती, तर ३८ घरांचा मैला सेप्टिक टाकीत जात होता. म्हणजे शहरांतसुद्धा गटारावर अवलंबून असलेल्या घरांपेक्षा टाकीवर अवलंबून असलेली घरे अधिक होती. तेव्हा अंगणात, जिन्याखाली किंवा शाळेच्या मागच्या बाजूस सिमेंटच्या झाकणाखाली दडलेल्या या टाकीची ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

टाकीविषयी एक समज सर्वत्र रूढ आहे. मैला टाकीत जातो, तेथे जंतू तो खाऊन टाकतात आणि बाहेर पडते ते स्वच्छ पाणी, असा तो समज. यातला पहिला भाग बराचसा खरा आहे. शेवटचा भाग साफ खोटा आहे, आणि त्या खोट्या भागावर विश्वास ठेवून आपल्या गावांतील हजारो टाक्यांचे नळ उघड्या गटारांत सोडलेले आहेत.

साय, पाणी आणि गाळ

पाच माणसांच्या घरातील फक्त संडासासाठी भारतीय मानकाप्रमाणे जी टाकी बांधतात ती दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि आत सुमारे १.०५ मीटर उंचीपर्यंत पाणी राहील अशी असते. गुणाकार करून पाहा. साधारण १,१८० लिटर पाणी तिच्यात मावते. टाकी बांधून पूर्ण झाली की ती पाण्याने भरतात आणि ती कायम भरलेलीच असते. एका बाजूने जितके पाणी आत येते तितकेच दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. आत आलेले पाणी एक-दोन दिवस मुक्काम करते, एवढेच.

या मुक्कामात तीन थर तयार होतात. जड पदार्थ तळाशी बसतात, तो गाळ. तेलकट, हलके पदार्थ वर तरंगतात, ती साय. दुधावरच्या सायीसारखीच ती दाट होत जाते, फक्त वर्णन येथेच थांबवलेले बरे. मधला थर पाण्याचा. आत येणारा आणि बाहेर जाणारा असे दोन्ही नळ टाकीत इंग्रजी 'टी' अक्षराच्या आकाराचे बसवलेले असतात. त्यांची खालची तोंडे सायीच्या खाली आणि गाळाच्या वर, मधल्या पाण्यात बुडालेली असतात. त्यामुळे बाहेर पडते ते मधले पाणी. हा साधा तुकडा गवंड्याने बसवला नाही तर साय थेट बाहेर वाहू लागते आणि पुढची सारी व्यवस्था तुंबते.

टाकीत प्राणवायू जवळजवळ नसतो. अशा जागी प्राणवायूवाचून जगणारे जंतू सुखाने नांदतात. त्यांना अवायुजीवी जंतू म्हणतात. हे जंतू गाळाचे विघटन करतात आणि त्यातून मिथेन, कार्बन डायऑक्साइड व थोडा हायड्रोजन सल्फाइड असे वायू सुटतात. 'सेप्टिक' हा शब्द ग्रीक भाषेतील 'कुजणे' या अर्थाच्या शब्दावरून आलेला आहे. जखम सेप्टिक झाली असे आपण म्हणतो, तोच हा शब्द. म्हणजे नावातच कबुली आहे: ही कुजवण्याची टाकी आहे, शुद्धीकरणाची नव्हे.

आता तिच्या कामाचे माप पाहू. पाण्यात तरंगणाऱ्या घन कणांपैकी ५० ते ७० टक्के कण टाकीत अडकतात. पाण्यातील सेंद्रिय घाण मोजण्याचे एक माप बी. ओ. डी. या नावाने ओळखले जाते. ती घाण खाऊन टाकण्यासाठी जंतूंना किती प्राणवायू लागेल, ते हे माप सांगते. टाकीमुळे ही घाण ३० ते ५० टक्के कमी होते. उरलेली निम्म्याहून अधिक घाण पाण्याबरोबर बाहेर पडते. रोगजंतूंची स्थिती याहून वाईट. माणसाच्या एक ग्रॅम विष्ठेत आतड्यातील कोट्यवधी जंतू असतात. टाकीतून बाहेर पडणाऱ्या, दिसायला बऱ्यापैकी नितळ अशा पेलाभर पाण्यातही ते लाखोंच्या संख्येने शिल्लक असतात. पटकी, विषमज्वर, कावीळ यांचे जंतू आणि विषाणू टाकीतील एक-दोन दिवसांच्या मुक्कामाने मरत नाहीत.

एक फ्रेंच गृहस्थ आणि एक इंग्रज अभियंता

टाकीचा इतिहास मोठा मजेदार आहे. फ्रान्समधील व्हसूल या गावी लुई मूरास नावाच्या गृहस्थांनी १८६० च्या सुमारास एका घराच्या सांडपाण्यासाठी बंद हौद बांधला. काही वर्षांनी तो उघडला तेव्हा तो मैल्याने गच्च भरलेला असेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्यात घन पदार्थ फारच थोडा निघाला. मूरास यांनी १८८१ मध्ये या हौदाचे पेटंट घेतले. आत नेमके काय घडते याचा उलगडा तेव्हा झालेला नव्हता.

पुढे १८९५ मध्ये इंग्लंडमधील एक्सेटर शहराचे अभियंता डोनाल्ड कॅमेरॉन यांनी शहराच्या सांडपाण्यासाठी असाच मोठा बंद हौद बांधला आणि त्याला 'सेप्टिक टँक' हे नाव दिले. हौदातून निघणाऱ्या वायूवर त्यांनी दिवेही लावून दाखवले. आपल्या मुंबईतही तो काळ अशा प्रयोगांचाच होता. माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ च्या सुमारास मैल्याच्या टाक्यांना वायू गोळा करण्याची सोय केलेली होती आणि त्या वायूवर पुढे इंजिन चालवण्यात आले. गोबर गॅसचा बोलबाला होण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

दिव्यांनी लोक दिपले. पण एक्सेटरच्या त्या हौदातून निघालेले पाणी पुढे कोठे जात होते? ते खडीसारख्या जाड पदार्थांनी भरलेल्या गाळणपात्रांतून सोडले जात होते, आणि पाणी खऱ्या अर्थाने सुधारत होते ते तेथे. टाकीचे नाव जगभर गेले, गाळणीचे मात्र कोणी घेतले नाही. आजच्या गोंधळाचे मूळ मला तरी या नामकरणात दिसते.

जिवंत माती

गाळणीत किंवा मातीत असे काय असते? याचे उत्तर कॅमेरॉन यांच्या १८ वर्षे आधीच पॅरिसमध्ये मिळालेले होते, आणि ज्या प्रयोगाने ते मिळाले तो प्रयोग शाळेतल्या प्रत्येक मुलाने समजून घ्यावा इतका सुंदर आहे.

श्लेसिंग आणि म्यूंट्झ या दोन शास्त्रज्ञांनी १८७७ मध्ये एका लांब नळीत वाळू आणि थोडा चुनखडीचा चुरा भरला. त्यावर ते सांडपाणी अगदी हळूहळू, थेंबाथेंबाने सोडू लागले. खालून निघणारे पाणी ते रोज तपासत. सांडपाण्यात अमोनिया असतो, कारण लघवीतील युरियाचे रूपांतर लवकरच अमोनियात होते. पहिले २० दिवस वरून अमोनिया गेला आणि खालून अमोनियाच आला. वाळूने काहीच केले नाही. त्यानंतर मात्र खालच्या पाण्यात नायट्रेट दिसू लागले. त्याचे प्रमाण वाढत गेले आणि अमोनिया नाहीसा झाला.

आता विचार करा. ही क्रिया नुसती रासायनिक असती, तर ती पहिल्या दिवसापासून व्हायला हवी होती. २० दिवस वाट कशाची पाहिली? शंका आली की वाळूत कोणीतरी वस्तीला आले असावे आणि त्यांची वस्ती वाढायला तेवढे दिवस लागले असावेत. म्हणून त्या दोघांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. क्लोरोफॉर्मने सजीवांचे व्यवहार थांबतात. नायट्रेट येणे बंद पडले आणि पुन्हा अमोनिया दिसू लागला. पुढे क्लोरोफॉर्म घालवून दिला आणि ताज्या मातीचे थोडे धुवण नळीत ओतले, तेव्हा काही दिवसांनी नायट्रेट परत आले. वाळूतले काम जिवंत प्राण्यांचे होते यात शंका उरली नाही. त्या जंतूंना वेगळे करून वाढवण्याचे काम १८९० मध्ये विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने केले.

टाकीतील जंतू आणि मातीतील हे जंतू यांत मोठा भेद आहे. मातीतील जंतूंना प्राणवायू लागतो. ते वायुजीवी आहेत. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा असते, आणि कणांवरून पाण्याचा पातळ थर ओघळत असतो. घाण, हवा आणि जंतू यांची गाठ पडायला याहून चांगली जागा नाही. टाकीने अर्धवट सोडलेली सेंद्रिय घाण येथे पूर्णपणे खाल्ली जाते.

रोगजंतूंचा समाचारही मातीच घेते. जंतांची अंडी ५० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे जंतूंच्या मानाने अगडबंब असतात. ती वरच्या थरातच अडकतात. जंतू एक-दोन मायक्रॉनचे. त्यांतले काही चिकट थरात अडकतात, काहींना मातीतील आदिजीव खाऊन टाकतात आणि काही उपासमारीने मरतात. विषाणू याहून कितीतरी लहान. ते गाळले जात नाहीत, पण चिकणमातीच्या कणांना चिकटून बसतात. हे सर्व घडण्यास दोन गोष्टी लागतात: वेळ आणि हवा. शोषखड्ड्याचा किंवा चराचा तळ आणि भूजलाची पातळी यांच्यामध्ये किमान ६० ते ९० सेंटिमीटर कोरडी माती असावी असे म्हणतात ते याचसाठी. पावसाळ्यात विहिरीचे पाणी वर आले आणि खड्डाच पाण्यात बुडाला, तर माती असूनही उपयोग नाही.

तुमची जमीन किती पाणी पिते?

प्रत्येक जमीन हे काम सारख्याच रीतीने करीत नाही. विदर्भ-मराठवाड्यातील काळी चिकण जमीन ओली झाली की फुगते आणि तिच्या पोकळ्या मिटतात. तेथे पाणी मुरतच नाही, शोषखड्डा आठवडाभरात तुंबतो. कोकणात याच्या उलट. जांभ्याच्या दगडात भोके आणि भेगा फार. पाणी झरझर नाहीसे होते, मालक खूश होतो, पण ते न गाळता जवळच्या विहिरीत उतरण्याचा धोका असतो. देशावर मुरमाचा थर पातळ असला आणि खाली भेगाळलेला काळा पाषाण असला, तर हीच भीती. पाणी लवकर गेले म्हणजे व्यवस्था चांगली, असे मानू नये.

जमिनीची परीक्षा करण्याची एक सोपी रीत आहे, आणि ती शाळेच्या आवारात शिक्षकांच्या देखरेखीखाली करता येते. सुमारे ३० सेंटिमीटर लांबी-रुंदीचा आणि गुडघाभर खोल खड्डा खणा. बाजू खरवडून घ्या, म्हणजे कुदळीने लिंपली गेलेली माती निघून जाईल. तळाशी पाच सेंटिमीटर खडी पसरा. खड्डा पाण्याने भरा आणि रात्रभर तसाच ठेवा. (माणसे पडू नयेत म्हणून त्यावर फळी ठेवण्यास विसरू नका.) दुसऱ्या दिवशी खडीच्या वर १५ सेंटिमीटर पाणी राहील असे करा आणि अर्ध्या तासात पातळी किती उतरली ते पट्टीने मोजा. त्यावरून २५ मिलिमीटर उतरण्यास किती मिनिटे लागतात ते काढा.

समजा, ३० मिनिटांत पातळी ७५ मिलिमीटर उतरली. म्हणजे २५ मिलिमीटरला १० मिनिटे. आता आपल्याकडील अभियंते वापरतात ते सूत्र असे: एका चौरस मीटर जमिनीत दिवसाला मुरवता येणारे लिटर = २०४ ÷ √मिनिटे. दहाचे वर्गमूळ ३.१६, म्हणून उत्तर सुमारे ६५ लिटर येते. घरातून रोज ५०० लिटर सांडपाणी निघत असेल, तर पावणेआठ चौरस मीटर जागा हवी. दीड मीटर व्यासाच्या आणि दोन मीटर कामाच्या खोलीच्या गोल शोषखड्ड्याच्या भिंतीचे क्षेत्रफळ काढून पाहा. ते नऊ चौरस मीटरच्या वर भरते, म्हणजे असा एक खड्डा पुरेल. हीच मिनिटे चार आली तर पाच चौरस मीटर पुरतील आणि २५ आली तर १२ लागतील. मिनिटे ६० च्या वर गेली, तर त्या जमिनीचा नाद सोडून द्यावा आणि पाण्यासाठी वेगळी गाळणी बांधावी. पिण्याच्या पाण्याची विहीर शोषखड्ड्यापासून किमान १८ मीटर दूर असावी, असा संकेत आहे. भेगाळलेल्या खडकात तेवढे अंतरही पुरेसे ठरेल याची खात्री देता येत नाही.

विहिरीचे पाणी बिघडले आहे का, हे पाहण्यासाठी भारतीय शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये एक स्वस्त बाटली तयार केली. तिच्यात औषध लावलेली कागदाची पट्टी असते. पाणी भरून ती उबेच्या जागी ठेवली आणि एक-दोन दिवसांत पाणी काळे पडले, तर त्यात विष्ठेतील जंतू असण्याचा दाट संभव आहे असे समजावे. मोठी प्रयोगशाळा नसलेल्या शाळेलाही ही परीक्षा करता येते.

येथे मातीची एक उणीव सांगितली पाहिजे. श्लेसिंग-म्यूंट्झ यांच्या नळीतून खाली आलेले नायट्रेट आठवते ना? ते पाण्यात पूर्ण विरघळते, मातीच्या कणांना चिकटत नाही आणि थेट भूजलात जाते. १९४५ मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यात हंटर कॉमली या डॉक्टरांनी असे दाखवले की, नायट्रेट अधिक असलेल्या विहिरीच्या पाण्यात दूध कालवून दिलेली तान्ही मुले निळी पडत होती. नायट्रेटपासून बनलेल्या नायट्राइटमुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटत होती. आपल्याकडे पिण्याच्या पाण्यात एका लिटरला ४५ मिलिग्रॅम नायट्रेट ही मर्यादा आहे. विरळ वस्तीत ही अडचण येत नाही. पण दाट वस्तीत हजारो टाक्या व शोषखड्डे जवळजवळ आले, की शेजारच्या विहिरींचे नायट्रेट वाढू लागते. त्यावर माती हा उपाय नाही. तेथे गटार हवे किंवा नायट्रेटचे विघटन करणारी अधिक कुशल यंत्रणा हवी.

गाळाचा प्रश्न

टाकीत साचणारा गाळ जंतू पूर्णपणे संपवू शकत नाहीत. माणशी वर्षाला ४० लिटर गाळ उरतो असे धरले, तर पाच माणसांच्या घरात तीन वर्षांत ६०० लिटर होतो. आपली टाकी १,१८० लिटरची. म्हणजे निम्मी टाकी गाळानेच भरली. पाण्याचा मुक्काम निम्म्यावर आला आणि गाळ पाण्याबरोबर शोषखड्ड्यात जाऊ लागला. म्हणून दर दोन-तीन वर्षांनी गाळ उपसावा लागतो. "आमची टाकी २० वर्षे उपसलेली नाही, तरी छान चालते," असे अभिमानाने सांगणारे गृहस्थ आपल्या ओळखीचे असतात. त्यांची टाकी चालत नाही. ती आता केवळ एक रुंद नळ झालेली आहे.

आणि उपसायचा तो कसा? येथे रसायनशास्त्राचा धडा जिवावर बेततो. हवेचे सरासरी रेणुभार सुमारे २९. हायड्रोजन सल्फाइडचे ३४ आणि कार्बन डायऑक्साइडचे ४४. दोन्ही वायू हवेपेक्षा जड, म्हणून टाकीत खाली साचून राहतात. मिथेन हलका, पण बंद टाकीत तो प्राणवायूची जागा घेतो, आणि ठिणगी पडली तर पेट घेतो. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास अगदी अल्प प्रमाणातही येतो. पण हवेच्या दहा लाख भागांत १०० भागांहून अधिक झाला की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास गेला म्हणजे धोका टळला असे माणसाला वाटते, नेमका तेव्हाच धोका वाढलेला असतो. उतरलेला माणूस कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही कोसळतो. वर्तमानपत्रांतील अशा बातम्यांत दोन-तीन जणांचा एकाच वेळी मृत्यू झाल्याचे वाचतो, त्याचे कारण हे आहे.

हे मरण ज्यांच्या वाट्याला येते ते बहुतेक सर्व पिढ्यान् पिढ्या या कामाला जुंपलेल्या जातींचे लोक आहेत. ही गोष्ट वायूंच्या रेणुभारात दिसत नाही, म्हणून वेगळी सांगावी लागते. २०१३ च्या कायद्याने गटार किंवा सेप्टिक टाकी धोकादायक रीतीने साफ करण्यासाठी माणसाला कामाला लावणे हा गुन्हा ठरवला. अशा मृत्यूबद्दल कुटुंबास दहा लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले, आणि २०२३ मध्ये ही रक्कम ३० लाखांवर नेली. टाकी उपसण्याची योग्य रीत एकच: वरून नळी सोडून गाळ ओढून घेणारी टँकरची गाडी. कोणी कितीही घाई केली, तरी टाकीत माणूस उतरवायचा नाही. कोणी आत पडलाच तर त्याच्या मागोमाग न उतरता अग्निशामक दलाला बोलवायचे.

ओला गाळ हाताळण्याची वेळच येऊ नये, असाही एक मार्ग आहे: दोन खड्ड्यांचा संडास. एक खड्डा भरला की तो बंद करून मैला दुसऱ्यात सोडतात. बंद खड्डा दोन वर्षे तसाच राहिला की रोगजंतू आणि बहुतेक सर्व जंतांची अंडी मरतात व आत कोरडे, वास नसलेले खत तयार होते. मैल्याचे खत करण्याच्या प्रयत्नांना आपल्याकडे मोठी परंपरा आहे. कोकणात कणकवलीच्या गोपुरी आश्रमात आप्पासाहेब पटवर्धनांनी साध्या, स्वस्त संडासांचा प्रसार केला, तो माणसाला मैला वाहण्याच्या कामातून सोडवण्यासाठी. दोन खड्ड्यांच्या रीतीत एकच पथ्य आहे. एका वेळी एकच खड्डा चालू हवा. दोन्हींची तोंडे उघडी ठेवली की सगळा हिशेब चुकतो.

इतर देशांनी काय केले?

जपानमध्ये डोंगराळ आणि विरळ वस्तीचे प्रदेश पुष्कळ. तेथे घराच्या अंगणात पुरण्याची एक टाकी वापरतात, तिला 'जोकासो' म्हणतात. शब्दाचा अर्थ शुद्ध करण्याचा हौद. तिच्या पहिल्या कप्प्यांत अवायुजीवी जंतू काम करतात आणि पुढच्या कप्प्यात विजेचा लहान पंप हवेचे बुडबुडे सोडतो, म्हणजे मातीचे काम टाकीतच उरकून घेतले जाते. शेवटी क्लोरीन देऊन पाणी बाहेर सोडतात. संडास आणि मोरी दोन्हींचे पाणी घेणाऱ्या जोकासोतून निघणाऱ्या पाण्याचा बी. ओ. डी. लिटरला २० मिलिग्रॅमच्या आत असावा लागतो. आपल्या सेप्टिक टाकीच्या पाण्यात तो याच्या कितीतरी पट असतो.

परंतु जपानचे खरे कौशल्य यंत्रात नसून कायद्यात आहे, असे माझे मत आहे. १९८३ मध्ये तेथे खास जोकासोसाठी कायदा झाला आणि १९८५ पासून तो लागू झाला. टाकी बसवणारा माणूस परीक्षा उत्तीर्ण झालेला हवा. देखभाल करणारा वेगळा, तोही परवानाधारक. वर्षातून एकदा गाळ काढायचा. आणि वर्षातून एकदा तिसऱ्याच, तटस्थ संस्थेने येऊन पाणी तपासायचे. बसवणाऱ्याने स्वतःच्याच कामाला शाबासकी द्यायची सोय ठेवलेली नाही. केवळ संडासाचे पाणी घेऊन मोरीचे पाणी तसेच ओढ्यात सोडणाऱ्या जुन्या प्रकारच्या टाक्या नव्याने बसवण्यास २००१ पासून बंदी आहे.

अमेरिकेत सुमारे एकपंचमांश घरे स्वतःच्या सेप्टिक टाकीवर आणि शोषचरांवर अवलंबून आहेत. बराच काळ तेथील सरकारला वाटे की ही तात्पुरती सोय आहे, आज ना उद्या सर्वत्र गटारे होतील. १९९७ मध्ये तेथील पर्यावरण संरक्षण खात्याने आपल्या संसदेला कळवले की, नीट व्यवस्था ठेवली तर घरोघरच्या किंवा वस्तीपुरत्या यंत्रणा हाही कायमचा आणि कमी खर्चाचा उपाय ठरू शकतो. 'नीट व्यवस्था ठेवली तर' हे शब्द महत्त्वाचे. आयर्लंडला हे शब्द न्यायालयाकडून ऐकावे लागले. तेथील ग्रामीण घरांच्या टाक्यांवर पुरेशी देखरेख नाही, असा निकाल २००९ मध्ये युरोपीय न्यायालयाने दिला. मग २०१२ मध्ये कायदा करून प्रत्येक टाकीची नोंदणी आणि तपासणी सुरू करावी लागली. त्या वेळी टाकीमालकांनी बरीच कुरकुर केली. आपल्याकडे कोणी टाकीची नोंदणी करायला आले तर काय होईल, याची कल्पना करून पाहा!

आपल्या देशात मैल्याच्या गाळाविषयीचे राष्ट्रीय धोरण २०१७ मध्ये जाहीर झाले. महाराष्ट्रात सातारा जिल्ह्यातील वाई आणि नाशिक जिल्ह्यातील सिन्नर या नगरपरिषदांनी त्यानंतर एक वेगळी पद्धत सुरू केली. टाकी तुंबल्यावर मालकाने धावपळ करून टँकर बोलवायचा, ही जुनी रीत त्यांनी बदलली. गावाचे भाग पाडून, प्रत्येक टाकी तीन वर्षांतून एकदा ठरलेल्या पाळीने उपसायची असे ठरवले. खर्च कराच्या रूपाने वसूल करायचा. उपसलेला गाळ नदीकाठी किंवा माळावर न ओतता गाळावर प्रक्रिया करणाऱ्या केंद्रात न्यायचा.

या पद्धतीचा हिशेब तुम्हालाही मांडता येईल. समजा, एका गावात ६,००० टाक्या आहेत आणि प्रत्येक टाकी तीन वर्षांतून एकदा उपसायची आहे. वर्षाला २,००० टाक्या झाल्या. वर्षात कामाचे दिवस ३०० धरले तर रोज सुमारे सात टाक्या. एका गाडीला दिवसात तीन किंवा चार टाक्या होत असतील, तर गावाला दोन गाड्या पुरतील, आणि एक बिघडली तर म्हणून तिसरी. प्रत्येक टाकीतून सरासरी दोन हजार लिटर गाळपाणी निघत असेल, तर प्रक्रिया केंद्राची क्षमता रोज १४ हजार लिटर हवी. आता हाच हिशेब आपल्या गावासाठी करा. त्यासाठी पहिली संख्या लागेल ती गावातील टाक्यांची. ती नगरपरिषदेत किंवा ग्रामपंचायतीत जाऊन विचारावी, आणि कोणाजवळच मिळाली नाही तर आपल्या गल्लीपासून मोजायला सुरुवात करावी. मोजताना वहीत दोन रकाने अधिक आखा: शेवटचा उपसा कोणत्या साली झाला, आणि टाकीतून बाहेर पडणारा नळ मातीत जातो की गटारात.